पहिल्यांदाच बीएलओ झालेल्या विद्यार्थिनीस

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. शाळेत रुळतेस न रुळतेस तोच बीएलओची, म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादी तपासणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची, ऑर्डर आली म्हणून तू वैतागली आहेस, असं तुझी आई सांगत होती. वैताग. शिक्षकाच्या गळ्यात हे काम का, हे मलाही कधी पटलं नाही. पण आता आलंच आहे तर एवढं पक्कं ठेव: मताचा हक्क घटनेच्या ३२६ व्या कलमाने दिलेला असला, तरी मतदानाच्या दिवशी सगळं यादीतल्या एका ओळीवर येऊन ठेपतं. त्यामुळे नाव घालताना हात सैल ठेव, काढताना आखडता.

वयाचा नियम सोपा आहे. १९८९ पर्यंत एकविसाव्या वर्षाशिवाय मत नव्हतं, एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ते अठरावर आलं. मात्र अर्हता दिनांक, म्हणजे ज्या तारखेला अठरा पूर्ण हवीत ती तारीख, १ जानेवारी ही एकच होती. २ जानेवारीला जन्मलेलं पोर वर्षभर लटकायचं. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार महिन्यांच्या पहिल्या तारखा धरतात, आणि सतरा पूर्ण झाल्यावर नमुना ६, म्हणजे नवीन नावाचा अर्ज, आगाऊ भरता येतो. हे बारावीच्या वर्गांत जाऊन सांग.

महापालिकेचं मात्र वेगळं. राज्य निवडणूक आयोग स्वतः नावं घालत नाही की काढत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेतो आणि प्रभागांत फोडतो. २०२६ च्या जानेवारीतल्या मुंबईच्या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर ज्यांचं नाव लागलं, त्यांच्या हातात कार्ड होतं, मत नव्हतं. लोक तुझ्यावरच चिडतील. तारीख सांग, वाद घालू नकोस.

खरी कसोटी आपल्या परळ-लालबागची. यादीत अख्खी चाळ, चार मजले, खोलीनिहाय नावं. आणि जागेवर चाळ पाडून पुनर्विकास चाललेला: निळे पत्रे, आत क्रेन. नवखा बीएलओ सगळ्यांपुढे ‘स्थलांतरित’ लिहून मोकळा होतो. तू पत्र्याशेजारच्या पानवाल्याला विचार. कोण संक्रमण शिबिरात, कोण विरारला, कोण मुलीकडे ठाण्याला, त्याला तोंडपाठ असतं. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे भाड्याच्या चेकची वही असते, तीही बघ. तात्पुरतं बाहेर गेल्याने कुणी त्या जागेचा रहिवासी उरत नाही असं नाही, हे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात लिहिलेलं आहे. जे दुसरीकडे कायमचे रमले, त्यांच्याकडून नमुना ८ भरून घे, म्हणजे नाव नव्या पत्त्यावर जाईल. नुसतं कापलं तर माणूस दोन्हीकडून जातो.

याच कायद्याची दुसरी बाजू आपल्या चाकरमान्यांना रुचत नाही. गावी घर आहे एवढ्याने माणूस तिथला मतदार ठरत नाही, आणि दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. “बाई, गावचं नाव राहू दे हां, भावकीचं काम असतं,” हे तुला प्रत्येक मजल्यावर ऐकायला मिळेल. चहा घे, पण समजावून सांग: दुसरीकडे नाव नाही असं अर्जात खोटं लिहून दिलं तर वर्षभरापर्यंतची कैद होऊ शकते.

आधार मागितलं जातं, पण ते नाही म्हणून नाव नाकारता किंवा काढता येत नाही. आधार नागरिकत्वाचा पुरावाही नव्हे. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष फेरतपासणीत मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळाली; ती कारणांसह जाहीर करा, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. कारण आधीच लिहिलं असतं तर तिथवर जावं लागलं नसतं, असं माझं मत. तू प्रत्येक शेऱ्यापुढे कुणाला विचारलं आणि कधी, ते लिही.

नमुना ७ चे, म्हणजे नाव कापण्याचे, अर्ज गठ्ठ्याने घेऊन कुणी आलं, तर तो कोणत्याही झेंड्याचा असो, घेऊ नकोस. इथे राहत नाही किंवा मतदार व्हायला पात्र नाही म्हणून नाव कापायचं, तर त्या माणसाला आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि निर्णय नोंदणी अधिकाऱ्याचा असतो, तुझा नाही.

फुटपाथवरच्या कुटुंबांना विसरू नकोस. पत्त्याचा कागद नसला तरी त्यांचं नाव लागतं. ती तिथेच झोपतात का, हे बीएलओने रात्री जाऊन पाहायचं असतं. एकटी जाऊ नकोस. सुपरवायझरकडे सोबतीला माणूस माग, आणि लेखी माग.

तुझ्या,
बाई