रिकाम्या फॅबचा खर्च कोणाच्या माथी?

वाचकांचे प्रश्न : या वेळी सेमीकंडक्टर कंपन्यांचे विभागवार निकाल आणि त्यामागची खर्चाची वाटणी. (फॅब म्हणजे चिप बनवण्याचा कारखाना, वेफर म्हणजे जिच्यावर चिप बनतात ती सिलिकॉनची चकती.)

प्रश्न : इंटेलच्या फाउंड्री, म्हणजे चिप बनवून देणाऱ्या, विभागाला २०२३ साली सात अब्ज डॉलरचा तोटा झाल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. मग २०२३ चे मूळ निकाल आले तेव्हा हा तोटा कुठे होता? – एक गुंतवणूकदार, ठाणे

उत्तर : प्रोसेसर विकणाऱ्या विभागांच्या खर्चात मुरलेला होता. तेव्हा ‘फाउंड्री सर्व्हिसेस’ या नावाचा विभाग होता, पण त्यात फक्त बाहेरच्या गिऱ्हाइकांचे काम दिसे. स्वतःच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांचा खर्च पीसी, डेटा सेंटर वगैरे विभागांत वाटला जाई. २०२४ च्या पहिल्या तिमाहीपासून कारखाने आणि निर्मिती-तंत्राचे संशोधन मिळून ‘इंटेल फाउंड्री’ हा वेगळा विभाग झाला. तो आपल्याच कंपनीच्या विभागांना बाजारभावाच्या जवळपासच्या दराने वेफर विकतो. जुने आकडे या पद्धतीने पुन्हा मांडल्यावर २०२२ ची उलाढाल २७.५ अब्ज डॉलर व तोटा ५.२ अब्ज, तर २०२३ ची उलाढाल १८.९ अब्ज व तोटा ७ अब्ज असा निघाला.

या उलाढालीतला बहुतेक भाग घरातल्या घरातला आहे. एकत्रित हिशेबात तो वजा होतो, त्यामुळे कंपनीचा एकूण नफा एका डॉलरनेही बदलला नाही. बदलले ते एवढेच की, वेफर बनवायला लागलेला खर्च आणि त्याला मिळणारा बाजारभाव यांतली तूट आता फाउंड्रीच्या खात्यावर उरते.

आमच्या मते ही वाटणी जास्त प्रामाणिक आहे. ‘हॉट लॉट’चे, म्हणजे घाईच्या मालाचे, उदाहरण घ्या. २५ वेफरचा एखादा डबा (लॉट) रांग मोडून पुढे काढायचा, तर त्याच्यासाठी यंत्र आधीच मोकळे ठेवावे लागते आणि मागचे लॉट ताटकळतात. याचे वेगळे बिल येत नसेल, तर प्रत्येक विभागाला आपलाच लॉट तातडीचा वाटतो. बिल लागले की मागणी आपोआप कमी होते.

प्रश्न : मी कॉस्ट अकाउंटन्सीच्या परीक्षेची तयारी करते आहे. फॅबचा सामाईक खर्च दोन विभागांत वाटताना वेफरची संख्या हा निकष का चालत नाही? – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : आकडे घेऊनच पाहू. फॅबचा महिन्याचा खर्च १०० कोटी रुपये, क्षमता १०,००० वेफर. यात घसारा (यंत्रांच्या झिजेचा खर्च), क्लीनरूमची म्हणजे धूळविरहित दालनाची हवा चोवीस तास फिरवणारी वीज, पगार, देखभाल करार असे बहुतेक सगळे स्थिर असते. रसायने आणि वायू बदलते, पण सोयीसाठी सगळाच खर्च स्थिर धरू.

‘अ’ विभागाने ६,००० आणि ‘ब’ने २,००० वेफर घेतले. प्रत्यक्ष संख्येने भागले तर दर १.२५ लाख : ‘अ’वर ७५ कोटी, ‘ब’वर २५ कोटी. पुढच्या महिन्यात ‘अ’ची मागणी २,००० वर आली. ‘ब’ने काहीच बदललेले नाही, तरी दर २.५ लाखांवर जातो आणि ‘ब’वर ५० कोटी येतात. व्यवस्थापन ‘ब’च्या चिपची किंमत वाढवते, गिऱ्हाईक जाते, वेफर आणखी घटतात, दर आणखी चढतो. चांगले चाललेले उत्पादन अशा हिशेबाने बंद पडू शकते.

म्हणून दर क्षमतेवर ठरवायचा : १०० कोटी भागिले १०,०००, म्हणजे वेफरमागे १ लाख. पहिल्या महिन्यात ‘अ’ला ६० कोटी, ‘ब’ला २० कोटी आणि २० कोटी ‘न वापरलेली क्षमता’ म्हणून वेगळ्या ओळीत. मालसाठ्याचे भारतीय लेखामानक इंड एएस २ हेच सांगते. स्थिर ओव्हरहेड नेहमीच्या क्षमतेच्या आधारे मालावर चढवायचा, यंत्रे नेहमीपेक्षा रिकामी राहिली तर तो भाग मालसाठ्यात न दडवता त्याच काळाचा खर्च धरायचा.

आता तुमचा खरा प्रश्न. ‘अ’चा साधा पॉवर चिपचा वेफर २० मास्क थरांचा, म्हणजे २० वेळा नक्षी छापावी लागणारा, आणि ‘ब’चा ६० थरांचा आहे. थर मोजले तर ‘अ’चे १,२०,००० आणि ‘ब’चेही १,२०,०००. भरलेल्या क्षमतेचे ८० कोटी मग ६०–२० नव्हे, ४०–४० असे वाटले जातात. वेफर मोजणाऱ्या हिशेबात ‘अ’ विभाग ‘ब’चे वीस कोटी भरत होता!

थरही सगळे सारखे नसतात. नक्षी छापणाऱ्या अत्याधुनिक ईयूव्ही यंत्रावरचा थर आणि स्टेपर या जुन्या छपाई-यंत्रावरचा थर यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यामुळे खरे काम यंत्रगटांनुसार होते : लिथोग्राफी (नक्षी छापणे), एचिंग (कोरणे), डिपॉझिशन (थर चढवणे), इम्प्लांट (आयन घुसवणे), पॉलिशिंग, मोजणी. प्रत्येक गटाचा महिन्याचा खर्च काढायचा. महिन्याच्या ७२० तासांतून देखभाल व तपासणी वजा करून वापरता येणारे तास काढायचे. समजा एका यंत्राचा खर्च ६० लाख आणि असे तास ६००, तर दर तासाला १०,००० रुपये. ते ४५० तास चालले तर ४५ लाख उत्पादनांवर, १५ लाख रिकाम्या वेळेचे. कोणत्या वेफरने किती मिनिटे घेतली, हे कारखान्याच्या उत्पादन-नियंत्रण प्रणालीतल्या रूट शीटवरून, म्हणजे टप्प्यांच्या नोंदीवरून, मिळते.

नेहमीची चूक इथेच होते. संशोधनाचे प्रायोगिक लॉटही त्याच यंत्रांवर फिरतात, पण त्यांच्या मिनिटांचा कोड लावायचा राहून जातो. मग एका विभागाचे संशोधन दुसऱ्याच्या नेहमीच्या मालावर चढते.

यील्डचेही, म्हणजे वेफरवरच्या किती टक्के चिप चांगल्या निघतात याचेही, ठरवावे लागते. ३०० मिमी वेफरवर १०० चौरस मिमीच्या साधारण ६४० चिप बसतात. वेफर १ लाखाचा धरला तर ८० टक्के यील्डला ५१२ चांगल्या चिप, प्रत्येकी १९५ रुपये. ५० टक्क्यांना ३२०, प्रत्येकी ३१२ रुपये. विभाग वेफर विकत घेत असेल तर हा फरक त्याचा, चांगली चिप विकत घेत असेल तर फॅबचा. डिझाइनमधल्या दोषाने चिप मेली की प्रक्रियेतल्या धुळीने, याची नोंद नसेल तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

टेस्टिंगचा खर्च मात्र चिपच्या संख्येवर कधीच वाटू नका, टेस्टरवरच्या सेकंदांवर वाटा.

प्रश्न : यंत्रांचे आयुष्य कागदोपत्री वाढवले की विभागाचा नफा लगेच वाढतो का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वाढतो, पण सगळा एकदम नाही. इंटेलने जानेवारी २०२३ पासून काही यंत्रांचे आयुष्य ५ वर्षांऐवजी ८ वर्षे धरले. त्या वर्षाचा घसारा सुमारे ४.२ अब्ज डॉलरने घटेल, असा कंपनीचा अंदाज होता. त्यातले सुमारे २.६ अब्ज ढोबळ नफ्यात, ०.४ अब्ज संशोधन खर्चात आणि १.२ अब्ज वर्षअखेरच्या मालसाठ्याची किंमत कमी होण्यात जाणार होते. फॅबचा घसारा आधी वेफरवर चढतो आणि चिप विकली जाते तेव्हाच नफा-तोटा पत्रकात उतरतो. वेफर फॅबमध्ये कित्येक आठवडे असतो, पुढे पॅकेजिंग आणि गोदाम. म्हणून या तिमाहीत बनलेल्या वेफरचा खर्च कधी पुढच्या तिमाहीत बोचतो.

प्रश्न : एएमडी या अमेरिकी चिप कंपनीच्या विभागांच्या नफ्याची बेरीज कंपनीच्या नफ्याशी जुळत नाही. असे का? – एक वाचक, पणजी

उत्तर : ‘ऑल अदर’ ही ओळख नसलेली ओळ पाहा. कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरचा खर्च आणि अधिग्रहणातून आलेल्या अमूर्त मालमत्तेचे (तंत्रज्ञान वगैरे) निर्लेखन, म्हणजे तिची किंमत थोडी थोडी खर्ची टाकणे, एएमडी तिथे ठेवते. फेब्रुवारी २०२२ मध्ये झायलिंक्स ही चिप कंपनी घेतल्यावर ही रक्कम फार मोठी झाली. झायलिंक्सच्या बहुतेक चिप एम्बेडेड (यंत्रे, वाहने यांत बसणाऱ्या चिपच्या) विभागात विकल्या जातात, पण ती विकत घेण्याची किंमत त्या विभागाच्या नफ्यातून वजा होत नाही. हे नियमबाह्य नाही, मात्र एम्बेडेडची टक्केवारी वाचताना ध्यानात ठेवा.

उलट टोक टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या चिप कंपनीचे. तिथे केंद्रीय कारखान्यांचा खर्च, घसाऱ्यासकट, नगामागे दर लावून विभागांवर टाकतात. परिणामी कोणत्या विभागाचा घसारा किती, हे कंपनी देतच नाही. अमेरिकेत १५ डिसेंबर २०२३ नंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून विभागांचे महत्त्वाचे खर्च वेगळे दाखवावे लागतात, तेव्हा वार्षिक अहवालातली विभागांची टीप पूर्ण वाचा.

प्रश्न : मी पुण्यात एका परदेशी चिप कंपनीच्या डिझाइन सेंटरमध्ये आहे. मूळ कंपनी तोट्यात असताना आमच्या भारतीय कंपनीला नफा कसा होतो? – एक अभियंता, पुणे

उत्तर : अशी केंद्रे बहुधा ‘खर्च अधिक ठरावीक टक्के’ या करारावर मूळ कंपनीला बिल लावतात. एकत्रित हिशेबात ते टक्के वजा होतात आणि तुमचा पगार, डिझाइन सॉफ्टवेअरचे परवाने हा खर्च प्रकल्पाच्या कोडनुसार तिकडच्या विभागांत जातो. मेमरी कंट्रोलरसारखा भाग चार चिपमध्ये वापरला जाणार असेल तर त्याला स्वतंत्र कोड मागून घ्या. नाहीतर त्याचा सगळा खर्च पहिल्या चिपवर बसतो आणि उरलेल्या तिघी फुकटात स्वस्त दिसतात.