वाचकांचे प्रश्न : ‘काहीच नाही’ असं गॉर्जियस का म्हणतो?

प्रश्न : ‘काहीही नाही, असलंच तर कळणार नाही, कळलंच तर दुसऱ्याला सांगता येणार नाही,’ हे सोफिस्ट (पैसे घेऊन वक्तृत्व शिकवणारा प्राचीन ग्रीक शिक्षक) गॉर्जियसचं म्हणणं वाचलं. तो हे सिद्ध कसं करतो? आणि त्यात खोट कुठे आहे?

उत्तर : सिसिलीतल्या लिओन्तिनीचा हा वक्ता इ.स.पू. ४२७ मध्ये आपल्या नगराचा दूत म्हणून अथेन्सला आला. त्याचा ‘असत्‌विषयी अथवा निसर्गाविषयी’ हा ग्रंथ हरवला आहे. (असत् म्हणजे जे नाही ते, सत् म्हणजे जे आहे ते.) उरलेत ते दोन सारांश. एक नंतरच्या काळातल्या संशयवादी सेक्स्टस एम्पिरिकसचा, दुसरा अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर खपलेल्या, पण त्याच्या नसलेल्या एका लहान पुस्तकातला. पहिला सुटसुटीत आहे. दुसऱ्याची संहिता जागोजागी बिघडलेली आहे, पण असत्‌चा खास युक्तिवाद तिथेच धारदार दिसतो. तो असा : असत् हे असत् ‘आहे’, म्हणजे तेही ‘आहे’च, मग सत्‌ला वेगळेपण कसलं?

इथली खोट नीट पाहा. ‘अमुक हे तमुक आहे’ यातला ‘आहे’ फक्त जोडतो. ‘अमुक आहे’ यातला ‘आहे’ अस्तित्व सांगतो. गॉर्जियस पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी घेतो.

सेक्स्टसकडची साखळी निराळी. सत् अनादि असेल तर त्याला आरंभ नाही, म्हणून ते अमर्याद. अमर्याद ते कशातच मावत नाही, म्हणून कुठेच नाही. कुठेच नाही ते नाहीच. इथे काळातला आरंभ गुपचूप जागेतली सीमा बनतो. मात्र ही चूक मुळात मेलिससची, म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ पार्मेनिडीसच्याच पंथातल्या विचारवंताची. ‘सत् तेवढंच आहे’ म्हणणाऱ्या या पंथाची हत्यारं गॉर्जियस त्याच्यावरच उलटवतो, म्हणून याला नुसती थट्टा समजू नये.

दुसरा भाग : समुद्रावर धावणारे रथ मनात आणता येतात, पण तेवढ्यावरून ते खरंच धावतात असं होत नाही. यावरून ‘विचारात आलेलं खरं नसूही शकतं’ एवढंच निघतं. ‘काहीच कळत नाही’ हे निघत नाही.

तिसरा भाग आम्हाला सर्वांत भक्कम वाटतो. बोलणारा शब्द उच्चारतो, रंग नव्हे. आणि कानाला रंग दिसत नाही. मग रंग पोचतो कसा? भाषेच्या तत्त्वज्ञानाला या प्रश्नाशी आजही झुंजावं लागतं.

प्रश्न : प्लेटोने याला उत्तर दिलं का?

उत्तर : ‘सोफिस्ट’ या संवादात त्याचा रोख पार्मेनिडीसवर आहे. जे नाही ते बोलताच येत नसेल, तर खोटं बोलणंही अशक्य, आणि सोफिस्ट याच आडोशाला लपतो. प्लेटो म्हणतो, ‘नाही’ म्हणजे ‘वेगळं’. ‘थीएटेटस उडतो’ (थीएटेटस हा संवादातला एक तरुण) हे वाक्य शून्याबद्दल नाही. ते खऱ्या थीएटेटसबद्दल, त्याला लागू असलेल्या गोष्टींहून वेगळं काही सांगतं. न्याय-वैशेषिकांचा अन्योन्याभाव (घट हा पट नव्हे) याच्या जवळ जातो. अत्यंताभाव (वाऱ्यात रंग कधीच नसणं) मात्र या उत्तरात बसत नाही. शिवाय सत्‌च्या पूर्ण विरुद्ध अशा असत्‌चा नाद आपण केव्हाच सोडला, असं त्या संवादातच म्हटलं आहे.