बाल्साला सीलर देऊनही रंगाखाली रेषा दिसतात, त्या कशा बुजवाव्यात?

तुम्ही लिहिलंय की मॉडेल विमानाचं टेल आणि रडर (शेपटीचा वळणारा उभा भाग) ३ मिमी बाल्साचं, म्हणजे त्या हलक्या मऊ लाकडाचं केलं, सँडिंग सीलरचे (रंगाआधी लाकडाला देतात त्या अस्तराचे) तीन हात दिले, तरी स्प्रे मारल्यावर रेषा उठून दिसल्या. आणि सोलापुरात मिळेल त्याच सामानात काम भागवायचंय. भागेल. फक्त नुसत्या सीलरचे आणखी हात चढवत बसू नका.

त्या रेषा म्हणजे झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या, आणि बाल्सात त्या चांगल्याच रुंद असतात. सीलर आत उतरतो, थिनर उडून जातं आणि मागे राहिलेला पापुद्रा खोबणीच्याच आकारात बसतो. खोबण बुजवायची तर सीलरमध्ये पावडर हवी.

आधी कोरा बाल्सा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने, पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून, रेषांच्या दिशेने घासा. नुसत्या बोटांनी घासलं की मऊ भाग जास्त झिजतो आणि लाटा पडतात. जी कड बॉडीला चिकटवायची तिच्यावर मास्किंग टेप लावा; सीलर प्यालेल्या लाकडात फेविकॉल मुरत नाही.

पहिला हात एनसी (नायट्रोसेल्युलोज) सँडिंग सीलर आणि एनसी थिनर समसमान. फर्निचर पॉलिशचं सामान विकणाऱ्या दुकानात दोन्ही मिळतं. वाळल्यावर तंतू उभे राहतात, ते ३२० ने हलकेच कापा. मग दोन भाग सीलर, एक भाग साधी टाल्कम पावडर (वजनाने नव्हे, मापाने) आणि घट्ट ताकाइतपत होईल एवढं थिनर. पावडर तळाशी बसते, म्हणून प्रत्येक वेळी ढवळून ब्रश बुडवा आणि रेषांना आडवा फिरवा. भिंतीला लावतात ती लांबी (पुट्टी) इथे नको. तिच्यातल्या पाण्याने पातळ बाल्सा वाकतो, आणि शेपटीकडे वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमसाठी नाकात त्याहून जास्त वजन घालावं लागतं.

किमान तासभर थांबा. पेपरवर कोरडी पांढरी धूळ आली तर वाळलंय. गोळे चिकटले तर अजून थांबा. आता ३२० ने घासताना नीट बघा: आधी सगळं पांढुरकं असतं, मग लाकडाचा रंग वर येतो आणि त्यात भरलेल्या नळ्यांच्या बारीक पांढऱ्या रेघा तेवढ्या उरतात. तिथेच थांबायचं. वरचा थर ठेवलात तर फक्त वजन राहतं. अशा दोन फेऱ्या पुरतात. शेवटी ४०० नंबर. टॉर्च आडवा धरला की राहिलेली खोबण लगेच कळते.

प्रत्येक हात दोन्ही बाजूंना, लागोपाठ द्या. सीलर वाळताना आकसतो आणि एकाच बाजूला असला तर बाल्साचा पत्रा त्या बाजूला ओढला जातो. बॉडीला चिकटवायच्या कडेत टाचणी खोचून उभं टांगून वाळवा. ज्या कडेला आडवा छेद उघडा असतो, तिथे पातळ सुपरग्लू जिरवला तर ती कडकही होते. पण तो सपाट भागावर ओघळू देऊ नका, शेजारचा बाल्सा झिजतो आणि ग्लूचा उंचवटा राहतो.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी लवकर उरका. चाळीस अंशांत थिनर ब्रशखालीच उडतं आणि ओरखडे राहतात. पावसाळी दमट दिवशी उलट, थर दुधाळ पडतो. शहराच्या पूर्व भागात, आसपास यंत्रमाग असतील तर ओल्या थरावर सुताचे तंतू बसतात. भाग मोठ्या खोक्यात टांगा. धूळ पुसायला नवा टॉवेल नको, जुनं धुतलेलं धोतर बरं. थिनर चटकन पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी आणि गॅस, उदबत्ती, सिगारेट लांब.

रंगाआधी एक रात्र जाऊ द्या, कारण थर आतून आकसतच असतो. एनसीचा स्प्रे असेल तर सुरुवातीचे हात अगदी भुरभुर मारा. एकदम ओला थर दिला तर त्यातलं थिनर खालचा सीलर पुन्हा विरघळवतं आणि बुजवलेल्या रेषा परत वर येतात.