रिकाम्या हाताने परत गेलेल्या वाचकांची वही

प्रिय बेटा,
सप्रेम आशीर्वाद.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात रुजू झालीस. आता पुढे शिकत कसं राहायचं आणि आजूबाजूच्या लोकांच्या उपयोगी कसं पडायचं, असे दोन प्रश्न तू विचारलेस. दोन्हींचं उत्तर देवघेवीच्या काउंटरवरच मिळतं. एक दोनशे पानी वही घे. जो वाचक तुझ्याकडून रिकाम्या हाताने परत गेला, त्याचा प्रश्न त्याच दिवशी तीत उतरव. चार रकाने पुरतात: तारीख, प्रश्न, कुठे कुठे शोधलं आणि शेवटी काय झालं. वाचकाचं नाव मात्र लिहू नकोस. कोण काय वाचायला मागतं ही त्याची खासगी गोष्ट आहे, आणि ही वही पुढे चार जणांच्या हाती जाणार आहे.

प्रश्न वाचकाच्याच शब्दांत लिही. समजा, साक्रीकडचा एखादा मुलगा अहिराणीत विचारेल, "ताई, लगीनना गाणा शेतस का?" तू वहीत 'लोकसाहित्य, विवाहगीते' असं लिहिलंस तर शुद्ध दिसेल, पण खरी अडचण त्यात बुडून जाईल. तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, 'लगीन' हा शब्दच नाही, म्हणून त्याला काही सापडलं नाही. त्याचा शब्द हाताशी राहिला तर मार्क नोंदीच्या, म्हणजे पुस्तकाची माहिती क्रमांकित रकान्यांत (टॅगमध्ये) भरायच्या संगणकीय नोंदीच्या, ६५३ या टॅगमध्ये तो जसाच्या तसा घालता येतो. ६५० मध्ये ठरलेला विषयशब्द, ६५३ मध्ये लोकांच्या तोंडचा शब्द. जागा दोघांनाही आहे.

दर शनिवारी अर्धा तास काढून आठवड्याचे प्रश्न तीन वाटांनी लाव: पुस्तक आपल्याकडे नव्हतंच, होतं पण सापडलं नाही, सापडलं पण वाचकाला वापरता आलं नाही. सर्वांत जास्त शिकवते ती मधली वाट, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

आपल्या प्रांताचं नावच आधी घे. कुठल्या मुखपृष्ठावर 'खान्देश' असतं, कुठल्या 'खानदेश'. २४५ या टॅगमध्ये शीर्षक पुस्तकावर छापलंय तसंच जायला हवं, त्यात सुधारणा करायची नाही. दुसरं रूप २४६ मध्ये दे, म्हणजे कोणी कसंही टाइप केलं तरी पुस्तक वर येतं. दुसरी फसगत डोळ्यांना दिसतच नाही. 'शेतकऱ्यांचा' या शब्दातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. ओळखायची खूण सोपी आहे. नोंदीतला शब्द कॉपी करून शोधचौकटीत टाक. तसा सापडला आणि हाताने टाइप केल्यावर सापडला नाही, तर घोटाळा इथेच आहे. सगळ्या कर्मचाऱ्यांनी ऱ हीच पद्धत वापरायची असं ठरवून घ्या. जुन्या नोंदी कोहा या आपल्या ग्रंथालय-सॉफ्टवेअरमधल्या एकगठ्ठा दुरुस्तीने सुधारता येतात, पण आधी बॅकअप घे आणि पहिल्यांदा फक्त दहा नोंदींवर करून बघ. चुकीची एकगठ्ठा दुरुस्ती निस्तरायला महिने जातात.

देवनागरी शोध सगळीकडेच तुटक चालत असेल, तर कोहाच्या झेब्रा इंडेक्सची, म्हणजे शोध ज्यावर चालतो त्या शब्दसूचीची, मांडणी तपासून घे. बसवताना युनिकोड लिप्या हाताळणारा आयसीयूचा पर्याय निवडला नसेल तर मराठी शब्द नीट तुटत नाहीत. तो बदलल्यावर पूर्ण इंडेक्स नव्याने बांधावा लागतो. हे काम सुट्टीच्या दिवशी कर. आणि जुन्या डीटीपी फॉन्टमधल्या याद्या कोणी दिल्या तर युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय आत घेऊ नकोस. नाहीतर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा आत जातो.

नावांचंही तसंच. ज्यांचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे त्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) आणि तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई (१६२८-१७००) यांची पुस्तकं एकाच नावाखाली पडलेली असतात. दोघींच्या स्वतंत्र अधिकृत नोंदी (नावाचं ठरलेलं रूप सांगणाऱ्या) कर, नावापुढे सालं घाल, आणि इतर रूपं त्याच नोंदीच्या ४०० टॅगमध्ये दे. भाषेचीही गफलत होते. बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांची बोली लेवा गणबोली आहे, तिच्यावर अहिराणीचा शिक्का मारू नये. जे पुस्तक खरोखर अहिराणीत आहे, त्याच्या ५४६ या भाषेच्या टॅगमध्ये तसं वाक्य लिही. ०४१ टॅगमध्ये आयएसओ ६३९-३ या भाषांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीतला 'एएचआर' (ahr) हा कोड देता येतो. त्यासाठी दुसरा इंडिकेटर (टॅगपुढचा खुणेचा अंक) ७ ठेवावा लागतो आणि कोड कुठून घेतला ते उपक्षेत्र २ मध्ये सांगावं लागतं. अहिराणी बोलणारं पोर आपल्या भाषेतली सगळी पुस्तकं एका शोधात पाहू शकलं पाहिजे, असं आम्हाला मनापासून वाटतं. ते काम बाहेरचं कोणी येऊन करणार नाही.

पुस्तक नव्हतंच, तर लगेच 'नाही' म्हणून वाचकाला वाटेला लावू नकोस. डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्यामार्फत आंतरग्रंथालयीन मागणी करता येते. जुनी कागदपत्रं आणि हस्तलिखितं हवी असतील तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे, तत्त्वज्ञानासाठी अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर. वाचकाला तिकडे नुसता पिटाळू नकोस. आधी फोन कर आणि त्याच्या हाती अर्ध्या पानाचं पत्र दे: विषय काय, नेमकं काय पाहायचंय, किती दिवस. पत्राशिवाय गेलेला विद्यार्थी दारातच बुजतो.

तिसऱ्या वाटेचे प्रश्न बहुतेक ऑनलाइन साधनांचे असतात. केंद्राच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली, पण धडगावला घरी गेलेल्या संशोधकाला लॉगिन जमलं नाही तर त्याला त्यांचा काय उपयोग? शोधगंगेवरही, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावरही, असंच होतं. मराठी प्रबंधाचं शीर्षक कधी देवनागरीत भरलेलं असतं, कधी रोमन लिपीत. म्हणून दोन्हींत शोधायला शिकव, आणि तरीही मिळालं नाही तर मार्गदर्शकाच्या नावाने. सभागृहात ऐंशी जणांना बसवून स्लाइड दाखवल्या तर हे कोणाच्याही हाती लागत नाही. बारा जण, चाळीस मिनिटं, प्रत्येकाचा स्वतःचा विषय आणि स्वतःचा मोबाइल, असं सत्र घे. खाती आदल्या दिवशी उघडून घे, कारण पासवर्ड आणि ओटीपीतच वीस मिनिटं जातात. आणि वेळ ठरवताना एसटीचं वेळापत्रक आधी बघ.

बढतीसाठीचे कोर्स करावेच लागतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक ग्रंथपालाला वेतनाच्या स्तर १० वरून ११ वर जाताना २१ दिवसांचा एक अभ्यासक्रम आणि स्वयंचलन-डिजिटायझेशनचं किमान ५ दिवसांचं प्रशिक्षण लागतं. विषय निवडताना वही उघड. वर्षभरात जो प्रश्न वारंवार अडला, त्याचाच कोर्स घे.

एकट्याने हे सगळं होत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून सहा-सात महाविद्यालयीन ग्रंथपाल गोळा कर आणि महिन्यातून एक शनिवार ठरवा. जागा अमळनेर बरी. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गामुळे नंदुरबार, दोंडाईचा, जळगाव अशा दोन्ही बाजूंनी गाडीने येता येतं, धुळेकरांना एसटी आहे. दोन तास पुरेत. शाल-श्रीफळ, सत्कार, पाहुण्यांचं भाषण यातलं काही नको. प्रत्येकाने आपल्या वहीतलं एक पान आणायचं. अडचण सांगताना सॉफ्टवेअरची आवृत्ती, नेमकं काय केलं आणि पडद्यावर आलेला संदेश शब्दशः सांगायचा. 'कोहा चालत नाही' एवढ्यावर कोणी काय मदत करणार? बैठकीत नावांची जी रूपं ठरतील त्यांची एक सामाईक फाइल ठेवा, म्हणजे धुळ्यात ठरलेलं नाव शहाद्यात पुन्हा नव्याने ठरवावं लागणार नाही.

गावच्या वाचनालयांनाही हाच गट उपयोगी पडेल. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली सर्वांत खालच्या 'ड' वर्गाची वाचनालयं फार थोड्या मनुष्यबळावर चालतात. तिथे उत्साहाने बारकोड आणि सॉफ्टवेअर बसवायला जाऊ नका. संगणक बिघडला की ते सगळं ठप्प होतं आणि ग्रंथपालाला जुनं रजिस्टरही परके वाटू लागतं. त्याऐवजी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, चौघांनी एक दिवस जा. दाखल नोंदवही आणि कपाट ताडून बघा, वाळवी लागलेली पुस्तकं वेगळी काढा, पाठीवर विषयानुसार रंगीत पट्ट्या लावा. निघण्यापूर्वी तिथल्या ग्रंथपालालाही एक वही द्या आणि चार रकाने आखून दाखवा.

पहिल्या बैठकीला येताना तुझं 'लगीनना गाणा'चं पान घेऊन ये. चौथा रकाना रिकामा असला तरी चालेल, साक्री-पिंपळनेरकडच्या कोणाला तरी ती गाणी कुठे छापली आहेत ते ठाऊक असेल.

तुझे,
ज्येष्ठ सहकारी