माइटर म्हणजे नक्की काय, सुतारकामातला कट की बिशपची टोपी?

दोन्ही बरोबर आहेत. चर्चमधला माइटर म्हणजे बिशप घालतात ती उंच टोपी, पुढे आणि मागे एकेक टोक, पाठीवर दोन पट्ट्या लोंबतात. गोव्यात ३ डिसेंबरला ओल्ड गोव्याच्या फेस्ताला (चर्चच्या सणाला) आर्चबिशपच्या डोक्यावर दिसेल, पण मिस्साच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) मुख्य प्रार्थनेला ते ती काढून ठेवतात.

सुतारकामात दोन पट्ट्यांची टोकं ४५ डिग्रीत कापून काटकोनात जोडली की तो माइटर जॉइंट, फोटोफ्रेमचा कोपरा बघा. दिसायला एकदम सुंदर कारण लाकडाचं कापलेलं तोंड कुठेच दिसत नाही, पण नुसत्या फेव्हिकॉलवर ठेवू नका, तिरक्या कापलेल्या तोंडात गोंद शोषला जातो आणि जोड कच्चा राहतो, आतून पातळ लाकडी चीप घालाच. आणि फ्रेमला एकूण ८ कट लागतात, प्रत्येकात अर्धी डिग्री जरी चुकली तरी शेवटच्या कोपऱ्यात फट पडणारच, म्हणून आधी भंगार तुकड्यावर कापून गुण्या (काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार) लावून बघा.

हृदयातल्या मायट्रल व्हॉल्व्हचं (झडपेचं) नाव पण बिशपच्या टोपीवरूनच, टोपीच्या दोन टोकांसारखे दोन पडदे असतात ना त्याला.