टॅटिंग: रिंग ओढली तरी मिटत नाही

प्रश्न: ताई, शटलवर (दोरा गुंडाळायची होडीसारखी छोटी फिरकी) टॅटिंग, म्हणजे गाठींची लेस, शिकते आहे. गाठी दिसायला नीट येतात, पण शेवटी दोरा ओढला की रिंग (गाठींचं कडं) मिटत नाही. जोर केला की दोरा तुटतो. लेकीच्या रुखवतासाठी फुलांचं तोरण करायचं आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर: तुमची गाठ शटलच्या दोऱ्याची बसते आहे. ती बसायला हवी डाव्या हातावरच्या दोऱ्याची, आणि शटलचा दोरा तिच्या पोटातून सरळ जायला हवा. एक गाठ दोन अर्ध्या गाठींची असते. पहिलीत शटल डाव्या दोऱ्याच्या खालून नेऊन वरून परत आणलं की आधी डाव्या हाताची बोटं सैल सोडा, मगच शटलचा दोरा ताणा. वेढा उलटून डाव्या दोऱ्यावर जातो. मग शटल ताणलेलंच ठेवून मधलं बोट उचला आणि गाठ चिमटीत आणा. दुसरी अर्धी गाठ अशीच, फक्त शटल वरून जाऊन खालून येतं. दोन्ही हात एकदम ताणले की वेढा उलटत नाही. अशी एक अर्धी गाठ राहिली तरी अख्खी रिंग अडते, म्हणून प्रत्येक गाठीनंतर शटलचा दोरा सरकतो का, ते पाहा.

सरावाला शटलवर लाल दोरा, हातावर पांढरा घ्या आणि टोकं एकत्र बांधा. लाल गाठ दिसली की ती चुकलेली, तिथेच सुईने सोडवा. दोरा क्रोशाचा 10 नंबरचा, हात बसल्यावर 20 नंबरचा, म्हणजे त्याहून बारीक. भरतकामाचा सहा पदरी दोरा नको, त्याचे पदर सुटतात.

प्रश्न: तोरणाला सोपं फूल कोणतं? माझं फूल वाटीसारखं होतं.

उत्तर: सहा रिंगांचं. प्रत्येक रिंगेत 5 गाठी, पिको (दोन गाठींमध्ये सोडलेला दोऱ्याचा छोटा लूप), 5, पिको, 5, पिको, 5. पुढची रिंग लगेच, मध्ये दोरा न सोडता सुरू करा आणि पहिल्या पिकोच्या जागी मागच्या रिंगेच्या शेवटच्या पिकोला जोडा. एका फुलाला साधारण दोन मीटर दोरा शटलवर असू द्या. जोडाचे पिको आखूड पडले की फूल वर उचललं जातं. पत्रिकेच्या जाड कागदाची 5 मिलिमीटर रुंद पट्टी कापून तिच्यावर पिको मोजा. सहावी रिंग पहिलीला जोडताना पहिली दुमडून जवळ आणा, नाहीतर तिथे पीळ पडतो, आणि तो नंतर इस्त्रीनेही जात नाही.

प्रश्न: फुलं कडक कशी करावी?

उत्तर: आधी साबणाच्या पाण्यात धुवा, हाताचा मळ पांढऱ्या दोऱ्यावर हमखास बसतो. फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात कालवून त्यात फूल बुडवा, पिळून घ्या. थर्माकोलवर प्लास्टिक पसरून प्रत्येक बाहेरच्या पिकोत टाचणी टोचा आणि रात्रभर वाळवा. टाचणी गंज न धरणारीच हवी. साबुदाण्याची खळ चालते, पण पावसाळ्यात फूल लोळतं आणि झुरळं दोरा कुरतडतात.