ऑरगॅनिक व्हाइट वाइन पहिल्यांदा चाखताय ना, मग हे वाचा

अरे पहिलं म्हणजे फ्रीजमधून काढली की लगेच ओतू नकोस, १०-१५ मिनिटं बाहेर राहू दे, साधारण ८ ते १२ डिग्रीला वास मोकळा होतो, फार गार असली की नुसतं आंबट पाणी लागतं. ग्लास एक तृतीयांशच भर, गोल फिरव, वास घे, मग छोटा घोट तोंडात घोळव. तोंडाला पाणी सुटलं म्हणजे वाइनची अ‍ॅसिडिटी, म्हणजे तिचा आंबटपणा, चांगली आहे. आणि ऑरगॅनिक म्हणजे सल्फाइट (वाइन टिकवणारं रसायन) शून्य असं नसतं हां, आंबवताना थोडं आपोआप तयार होतंच. सोविन्यों ब्लां नावाच्या व्हाइट वाइनसोबत लिंबू पिळलेला मासा किंवा गोट चीज घे, मस्त जमतं. तिखटाबरोबर मात्र किंचित गोड रीझलिंग (हीपण व्हाइट वाइनच) बरी, जास्त अल्कोहोलवाली घेतलीस तर जीभ अजून भाजते, मी भाजून घेतलीय!